लग्नाने संपणाऱ्या आणि लग्नापासून सुरू होणाऱ्या कादंबऱ्या

१. वाचकांचा एक जुना प्रश्न

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कादंबऱ्या मुळातून किंवा अनुवादातून वाचणारा मराठी वाचक बहुधा एक प्रश्न विचारतो : या कादंबऱ्यांत सगळे काही लग्नाभोवतीच का फिरते? नायिका हुशार असते, स्वाभिमानी असते, तिला स्वतःची मते असतात, आणि तरीही पाचशे पाने वाचून झाल्यावर तिचे लग्न कोणाशी झाले एवढेच ठरते. हा प्रश्न भाबडा वाटला तरी त्याचे उत्तर त्या समाजाच्या कायद्यापर्यंत आणि अर्थव्यवहारापर्यंत जाते. शिवाय अहमदनगरमध्ये, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये, जन्मलेल्या एका मुलीने हाच कादंबरीप्रकार उचलून त्याचे काय केले, हेही त्या उत्तराच्या आधारे नीट समजते.

या कादंबऱ्यांना लावले जाणारे व्हिक्टोरियन हे विशेषण इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिच्या कारकिर्दीवरून, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळावरून आले आहे. या काळात कादंबरी हे इंग्लंडमधील मध्यमवर्गाचे मुख्य वाचन होते; ती बहुतेकदा मासिकांतून हप्त्याहप्त्याने किंवा तीन खंडांत प्रसिद्ध होई आणि वर्गणीच्या ग्रंथालयांतून घरी आणून कुटुंबात मोठ्याने वाचली जाई. वाचणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता आणि लिहिणाऱ्यांतही स्त्रिया कमी नव्हत्या. मात्र शार्लट ब्राँटे हिने ‘करर बेल’ आणि मेरी अ‍ॅन एव्हन्स हिने ‘जॉर्ज एलियट’ अशी नावे घेतली, कारण बाईने लिहिलेले पुस्तक बाईचे म्हणूनच तोलले जाईल ही भीती खरी होती.

२. लग्नानंतर पत्नीचे काय उरत असे?

इंग्लंडच्या त्या वेळच्या रूढ कायद्यात पती आणि पत्नी ही एकच व्यक्ती मानली जाई, आणि ती व्यक्ती म्हणजे पती. अविवाहित स्त्रीला आणि विधवेला मालमत्ता बाळगता येई, करार करता येई, दावा लावता येई. परंतु लग्न होताच तिची रोकड, दागिने आणि कमाई पतीची होई आणि तिच्या जमिनीचे उत्पन्नही त्याच्या ताब्यात जाई. दोन खातेदारांची जमीन एकत्र करून सातबाऱ्यावर एकाचेच नाव ठेवावे आणि दुसऱ्याला कंस करावा, तसा हा प्रकार होता. श्रीमंत घराण्यांतील वडील लेकीसाठी विश्वस्तांमार्फत वेगळी तजवीज करून ठेवत, पण तो खर्च आणि तेवढी कायद्याची जाण सर्वांकडे नव्हती.

या नियमाचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. अ‍ॅन ब्राँटे हिच्या १८४८ मधील ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’ या कादंबरीतील हेलन ही दारूच्या आहारी गेलेल्या नवऱ्याला कंटाळून, मुलाला घेऊन, चित्रे विकून जगायचे ठरवते. तिची दैनंदिनी वाचून हा बेत नवऱ्याला कळतो, तेव्हा तो तिच्याकडून किल्ल्या मागून घेतो, तिचा पैसा काढून घेतो आणि तिचे रंग, कुंचले, कॅनव्हास शेकोटीत टाकतो. आजच्या वाचकाला यात चोरी आणि नासधूस दिसते. त्या काळच्या कायद्याला मात्र काहीच दिसत नव्हते, कारण ते रंग, तो पैसा आणि पुढे त्या चित्रांची येणारी किंमत ही सारी त्याचीच होती. कादंबरीबाहेरही हेच चाले. एलिझाबेथ गॅस्केल या लेखिकेला १८५० मध्ये ‘लिझी ली’ या कथेचे वीस पौंड मिळाले, ते पतीने शांतपणे आपल्या खिशात घातले, असे तिने स्वतःच मैत्रिणीला कळवले आहे. विवाहित स्त्रीच्या कमाईवर तिचा हक्क मान्य करणारा कायदा १८७० मध्ये आला आणि तिच्या सर्व मालमत्तेबाबत तो हक्क पूर्णत्वाने मिळायला १८८२ साल उजाडले.

हे लक्षात घेतले म्हणजे लग्नाचा प्रश्न केवळ प्रेमाचा उरत नाही. स्त्रीला आयुष्यात एकदाच, आणि तोही होकार किंवा नकार एवढाच, खरा अधिकार वापरता येत असे. तो वापरून झाल्यावर बाकीचे अधिकार संपत. कादंबरीकाराने पाचशे पाने त्या एका होकारावर खर्च करावीत, यात नवल नाही.

३. लग्न न करणारी स्त्री आणि नगरच्या मिस फरार

होकार द्यायचाच नसेल तर काय, हा पुढचा प्रश्न. मध्यमवर्गीय घरातील अविवाहित, निर्धन, परंतु शिकलेल्या मुलीपुढे प्रतिष्ठा न गमावता करता येण्याजोगी कामे फारच थोडी होती, आणि त्यांतले पहिले म्हणजे गव्हर्नेसचे, म्हणजे श्रीमंतांच्या घरी राहून त्यांच्या मुलांना शिकवण्याचे. गव्हर्नेस नोकरांत मोडत नसे आणि मालकांतही मोडत नसे. ‘जेन एअर’ या १८४७ मधील कादंबरीतील जेनला शाळेत वर्षाला पंधरा पौंड मिळत होते आणि गव्हर्नेस झाल्यावर तीस पौंड मिळू लागतात. पुढे चुलत्याचे वीस हजार पौंड वारसाहक्काने आल्यावर ती त्यांचे चार वाटे करते आणि स्वतःला पाच हजार ठेवते. शार्लट ब्राँटे हे आकडे उगाच देत नाही. जिथे ती गव्हर्नेस होती त्या घरच्या मालकाकडे, रॉचेस्टरकडे, परत जाणारी जेन त्याच्या अन्नावर अवलंबून नाही, हे वाचकाला ठाऊक असणे तिला आवश्यक वाटते.

याच कादंबरीत हिंदुस्थान डोकावतो. सेंट जॉन रिव्हर्स हा पाद्री मिशनकार्यासाठी इकडे येणार असतो. तो जेनला हिंदुस्थानी भाषा शिकायला लावतो आणि आपली पत्नी होऊन चल असा आग्रह धरतो. सहकारी म्हणून येईन, पत्नी म्हणून नाही, असे जेन सांगते, आणि अविवाहित स्त्रीने असे येणे त्याला अशक्य वाटते.

जे सेंट जॉनला अशक्य वाटले ते प्रत्यक्षात वीस वर्षे आधीच घडले होते. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ मध्ये अमेरिकन मिशनतर्फे मुंबईत मुलींच्या शाळांचे काम करण्यासाठी आली आणि १८३९ मध्ये नगरला गेली. १८६२ मध्ये तिचा मृत्यू झाला तोही नगरलाच. तिची तेथील मुलींची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली आणि पुण्यात मुलींची शाळा काढण्याच्या त्यांच्या विचाराला तिथून बळ मिळाले. सावित्रीबाईंचे अध्यापनाचे प्रशिक्षणही फरार यांच्याकडे झाल्याचे चरित्रकार सांगतात. इंग्लंडच्या कादंबरीत अविवाहित स्त्री वाट शोधत होती, त्या वेळी तशीच एक स्त्री नगरच्या गल्ल्यांतून मुली गोळा करत होती, ही गोष्ट इंग्रजी साहित्याच्या इतिहासांत सहसा येत नाही. ती यायला हवी.

४. लग्न आधीच झालेले असेल तर?

आता मराठी समाजाकडे वळावे. ज्या घरांतून एकोणिसाव्या शतकातील पहिले कादंबरीकार आले त्या उच्चवर्णीय घरांत मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होई. तिथे प्रणयाराधन नाही, होकार नाही, नकार नाही. म्हणजे ज्या पायावर इंग्रजी कादंबरीचे कथानक उभे होते तो पायाच इथे नव्हता. त्यामुळे इंग्रजी कादंबरी वाचून मराठीत लिहायला बसलेल्या लेखकापुढे विषयाच्याही आधी रचनेचा प्रश्न होता, आणि त्याला मिळालेले उत्तर असे की, लग्न शेवटी न ठेवता सुरुवातीला ठेवावे आणि कथानक माहेराहून सासरी, सासरहून वैधव्याकडे न्यावे. इंग्रजी कादंबरीतील तणाव ‘कोणाशी?’ या प्रश्नातून निर्माण होतो, तर मराठी कादंबरीतील तणाव ‘आता हिचे पुढे काय होणार?’ या प्रश्नातून.

बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी १८५७ मध्ये आली. तिच्यात यमुना पतीबरोबर प्रवास करते आणि वाटेत निरनिराळ्या विधवांच्या हकिकती तिला कळत जातात. त्याच्या आदल्याच वर्षी विधवाविवाहाचा कायदा झालेला होता. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांच्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः आली. ती यमू स्वतःच सांगते, आणि हीच तिची ताकद आहे. नवरा रघुनाथराव तिला हौसेने शिकवतो, काही काळ दोघांचा संसार समान मनांचा होतो. पुढे त्याच्या मृत्यूनंतर सासरी शंकरमामंजींच्या घरात तिचे केशवपन जबरदस्तीने होते. जे लिहायला तिला नवऱ्याने शिकवले त्याच अक्षरांत ती ही हकिकत लिहून ठेवते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. इंग्रजी कायदा इकडे आला म्हणजे स्त्रीची सुटका झाली, असे सरसकट म्हणता येत नाही. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जाण्यास नकार दिला, तेव्हा १८८४ मध्ये त्यांच्या पतीने मुंबईत जो दावा लावला तो ‘वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापने’चा होता, म्हणजे पत्नीला घरी आणून देण्याचा, आणि ही कल्पना हिंदू धर्मशास्त्रातली नव्हती, ती इंग्लंडच्या चर्च न्यायालयांतून आलेली होती. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, पण तो अपिलात टिकला नाही, आणि १८८७ मध्ये न्यायालयाने नांदायला जा किंवा सहा महिने तुरुंगात जा असे फर्मावले. अशा तुरुंगवासाची तरतूद खुद्द इंग्लंडने १८८४ मध्येच काढून टाकली होती. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि रखमाबाई पुढे इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन परतल्या.

५. नगरची कृपाबाई

ज्या १८६२ साली सिंथिया फरार यांचा नगरला मृत्यू झाला, त्याच वर्षी फेब्रुवारीत नगरलाच कृपाबाईंचा जन्म झाला. वडील हरिपंत खिस्ती आणि आई राधाबाई हे ब्राह्मण घराण्यातून ख्रिस्ती झालेले जोडपे. चौदा भावंडांत कृपाबाई तेरावी. वडील ती लहान असतानाच गेले. भास्कर हा थोरला भाऊ तिला पुस्तके वाचून दाखवी, तिच्याशी वाद घाली आणि तिने नुसते ऐकून न घेता स्वतः विचार करावा असा आग्रह धरी. तोही तरुणपणीच गेला. मुंबईच्या मिशन शाळेत शिकताना वैद्यक शिकण्याची ओढ तिला लागली. इंग्लंडला पाठवण्याचा बेत प्रकृतीमुळे फसला, तेव्हा १८७८ मध्ये ती मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली. मद्रासने मेरी शार्लीब आणि तिच्याबरोबरच्या स्त्रियांना प्रवेश दिला त्याला तीनच वर्षे झाली होती. पहिल्या वर्षी अभ्यासात चमकूनही तब्येतीने साथ दिली नाही आणि शिक्षण सोडावे लागले. १८८१ मध्ये तिने केंब्रिजहून परतलेल्या सॅम्युएल सत्यनाथन यांच्याशी विवाह केला. उटकमंडला असताना तिने मुसलमान मुलींसाठी शाळा सुरू करण्यात पुढाकार घेतला आणि ‘अ‍ॅन इंडियन लेडी’ या सहीने लेख लिहायला आरंभ केला.

तिच्या दोन कादंबऱ्या आहेत, दोन्ही इंग्रजीत. ‘सगुणा’ ही १८८७-८८ मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकातून क्रमशः आली आणि १८९५ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. ‘कमला’ १८९४ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, क्षयाने कृपाबाईंचे निधन झाले. ‘सगुणा’ ही भारतीय स्त्रीने इंग्रजीत लिहिलेली पहिली आत्मचरित्रात्मक कादंबरी मानली जाते. उपशीर्षकांवरून ही जोडी मुद्दाम केलेली दिसते : पहिली देशी ख्रिस्ती जीवनाची कथा, दुसरी हिंदू जीवनाची.

आणि इथेच मागच्या विभागातील रचनेचा मुद्दा कामी येतो. ‘सगुणा’ची सुरुवात सगुणेपासून होत नाही, तिची आई राधा हिच्यापासून होते, तिचे बालपणीचे लग्न, सासूचा धाक, घरकामाचा रगाडा आणि नवऱ्याने धर्म बदलल्यावर पायाखालची जमीन सरकलेली राधा हे सारे आधी येते. मग मुलीची गोष्ट सुरू होते, जिचे बालपणी लग्न झालेले नाही, जी शाळेत जाते, वैद्यक शिकते, आणि शेवटी स्वतःच्या पसंतीने लग्न करते. म्हणजे एकाच पुस्तकात दोन कथानके आहेत : आईचे लग्नापासून सुरू होणारे, आणि मुलीचे लग्नावर संपणारे. मराठी घराची रीत आणि इंग्रजी कादंबरीची रीत यांच्यामधले अंतर एका पिढीचे होते, हे कृपाबाईंनी कोणतेही भाष्य न करता मांडणीतूनच दाखवले. व्हिक्टोरियन कादंबरीचा साचा तिने उसना घेतला असे म्हणणारे टीकाकार हा मुद्दा विसरतात. ती साच्याची परीक्षा घेत होती. तो कोणत्या मुलीला लागू पडतो आणि कोणत्या मुलीला नाही, हे तिने आपल्याच घरात पाहिले होते.

‘कमला’त मात्र तो साचा लागू पडत नाही. कमलेचे लग्न लहानपणीच होते. नवरा गणेश तिला शिकवू पाहतो, पण घरच्यांच्या टोमण्यांपुढे त्याचा उत्साह टिकत नाही आणि पुढे तो दुसऱ्या बाईच्या नादी लागतो. विहिरीवर, देवळाच्या वाटेवर एकमेकींना मन मोकळे करणाऱ्या तरुण सुना हा या कादंबरीतला सर्वांत जिवंत भाग आहे. या सुना एकमेकींच्या दुःखाचे औषध करू शकत नाहीत, पण एकमेकींना नावाने ओळखतात, आणि सासरच्या घरात त्यांना तेवढेही मिळत नाही.

६. दोन विधवा, दोन अटी

विधवेच्या बाबतीत इंग्रजी आणि हिंदू व्यवस्था एकमेकींच्या उलट दिसतात. इंग्लंडमध्ये पती गेल्यावर स्त्रीला कायद्याच्या दृष्टीने पुन्हा स्वतंत्र व्यक्तित्व मिळे. महाराष्ट्रातील उच्चवर्णीय घरात ती होती नव्हती ती प्रतिष्ठाही गमावून बसे. तरीही एका ठिकाणी दोन्ही वाटा एकत्र येतात.

जॉर्ज एलियट हिच्या ‘मिडलमार्च’ (१८७१-७२) या कादंबरीत डोरोथियाचा वयाने बराच मोठा, विद्वान आणि संशयी नवरा कॅसॉबन मरतो, तेव्हा त्याच्या मृत्युपत्राला जोडलेली एक पुरवणी उघडकीस येते : डोरोथियाने विल लॅडिस्लॉ या तरुणाशी लग्न केल्यास तिला इस्टेटीतले काही मिळणार नाही. सारे गाव हळहळते आणि कुजबुजते. आता १८५६ चा हिंदू विधवाविवाहाचा कायदा पाहावा. त्याच्या पहिल्या कलमाने पुनर्विवाह वैध ठरला, आणि दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपला. जणू ती मेली असे समजून ती मालमत्ता पुढच्या वारसाकडे जाई. कॅसॉबनची पुरवणी ही एका मत्सरी माणसाची करामत होती. इकडे तीच अट कायद्याने सरसकट सर्व विधवांना घातली. मराठा, माळी, कुणबी आणि इतर अनेक जातींत पाट लावण्याची, म्हणजे विधवेने पुन्हा संसार मांडण्याची, चाल आधीपासून होतीच. त्यांना या कायद्याची गरज नव्हती, पण मुंबई उच्च न्यायालयाने दुसरे कलम त्यांनाही लागू धरले, अलाहाबादने धरले नाही. सुधारणेच्या कायद्याने नगर, नाशिक, पुण्याकडच्या अशा विधवांचा हक्क उलट कमीच झाला.

डोरोथिया संपत्ती सोडते आणि लग्न करते. गणेशच्या मृत्यूनंतर कमलेला पुनर्विवाहाची मागणी येते, तीही तिच्यावर मनापासून प्रेम करणाऱ्या आणि तिला समजून घेणाऱ्या रामचंद्राकडून. आणि ती नाही म्हणते. उरलेले आयुष्य ती अनाथ आणि विधवांच्या सेवेत घालवते. अनेक वाचकांना हा शेवट खटकतो; ख्रिस्ती लेखिकेने हिंदू नायिकेला मोकळे का केले नाही, असा त्यांचा प्रश्न असतो. परंतु बालपणी कमलेला होकार-नकाराची संधी कोणी दिलीच नव्हती. तिला प्रथमच कोणी विचारते ते या प्रसंगी. तिने दिलेले उत्तर रूढीने शिकवलेले आहे हे कृपाबाई लपवत नाहीत, त्यातली वेदनाही लपवत नाहीत. पण तिच्या तोंडी सुधारकांना हवे ते उत्तर घालून पुस्तक गोड करणे त्यांनी टाळले, आणि कादंबरीकार म्हणून हा निर्णय फार मोठा आहे.

७. या कादंबऱ्यांत कोण नाही?

यमुना, यमू, कमला, राधा या सगळ्या ब्राह्मण घरांतल्या आहेत, आणि जेन, डोरोथिया मध्यमवर्गातल्या. गॅस्केलसारखी एखादी लेखिका मँचेस्टरच्या कामगार वस्तीत शिरली, पण घरोघरी मोलकरणीचे काम करणाऱ्या स्त्रिया इंग्रजी कादंबरीत बहुतेकदा दार उघडण्यापुरत्याच दिसतात. मराठीत ही उणीव अधिक मोठी आहे. १८५५ मध्ये, म्हणजे ‘यमुनापर्यटन’च्याही आधी दोन वर्षे, फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग समाजातील किशोरवयीन विद्यार्थिनीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला, हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरलाच सुरू झाले होते. बाळंत होताना डोक्यावर छप्पर नसलेल्या स्त्रियांचे जे चित्र त्या निबंधात आहे, ते त्या शतकातील कोणत्याही मराठी कादंबरीने आपल्या पानांत घेतले नाही. कादंबरीला नायिका लागते, आणि कोणाच्या आयुष्याला कथानक आहे हे त्या काळात जातीने ठरवले होते.

८. आईची गोष्ट, आईच्या भाषेत

कृपाबाईंनी इंग्रजीत लिहिले, त्यामुळे त्यांचा वाचक मद्रासपासून लंडनपर्यंत पसरला; पण जिची गोष्ट त्यांनी सर्वांत जिव्हाळ्याने लिहिली त्या राधेसारखी नगरची बाई ते पुस्तक वाचू शकत नव्हती. पुढे जवळजवळ शतकभर ही दोन्ही पुस्तके विस्मरणात गेली. १९९८ मध्ये चंदानी लोकुगे यांनी ती संपादित करून ऑक्सफर्ड प्रकाशनातर्फे पुन्हा आणली, आणि तेव्हापासून ती विद्यापीठांत वाचली जातात.

मराठीत राधेच्या गोष्टीची जागा कादंबरीने भरली नाही, आत्मचरित्राने भरली. कृपाबाईंच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच वर्षी, १८९५ मध्ये, नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई टिळकांवर नेमका राधेसारखाच प्रसंग ओढवला. त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या, नंतर नगर-राहुरीकडे नवऱ्याजवळ येऊनही सोवळे पाळत राहिल्या, आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हे सगळे स्वतः सांगितले. राधेची भीती कृपाबाईंनी मुलीच्या डोळ्यांनी पाहिली होती, म्हणून ती करुण वाटते. लक्ष्मीबाई ती आतून सांगतात, म्हणून तिच्यात राग आहे, हट्ट आहे, नवऱ्याशी चाललेले भांडण आहे आणि भरपूर हसूही आहे. ‘सगुणा’चे पहिले काही अध्याय वाचून लगेच ‘स्मृतिचित्रे’ हाती घेतले, तर एकाच जिल्ह्यातली एकच अवस्था दोन बाजूंनी दिसते, आणि त्यांतली दुसरी बाजू इंग्लंडच्या कोणत्याही कादंबरीत सापडत नाही.